वाय-फाय नेमकं कुठं अडतं?

जुना लॅपटॉप विंडोजच्या ओझ्याखाली कुथत असतो, म्हणून घरातलं कॉलेजात जाणारं कोणीतरी त्यावर लिनक्स घालून देतं. मशीन एकदम हलकं होतं, चटकन सुरू होतं, पंख्याची घरघर थांबते. फक्त वर कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह दिसत नाही. राउटर तोच, कार्ड तेच, एका स्क्रूलाही कोणी हात लावलेला नाही. शेजारी ठेवलेल्या फोनवर व्हिडिओ सुरळीत चालू आहे. मग सकाळपर्यंत चालणारं वाय-फाय दुपारी गेलं कुठं?

बहुतेक जण अशा वेळी फोनवर उपाय शोधतात आणि सापडतील त्या आज्ञा लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये एकामागून एक उतरवत सुटतात. त्यातल्या कित्येक दुसऱ्याच कंपनीच्या कार्डासाठी असतात, कित्येक फार जुन्या लिनक्ससाठी. तासाभराने मूळ बिघाड जागच्या जागी असतो आणि वर आपण केलेल्या बदलांची भर पडलेली असते. ‘वाय-फाय चालत नाही’ हे वाक्य एकच, पण त्यामागे निदान अर्धा डझन वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

नळाला पाणी येत नाही म्हणून बोलावलेला जाणता प्लंबर आल्या आल्या नळ खोलून बसत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे का, टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, वरच्या मजल्यावर येतंय का, असं बघत तो खाली येतो. पाणी जिथपर्यंत पोचलंय त्याच्या पुढच्या तुकड्यातच दोष असतो. वाय-फायचंही तसंच करायचं. कार्डापासून वेबपानापर्यंतच्या वाटेवर ठरावीक टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर काय झालं ते लिनक्स बऱ्यापैकी प्रामाणिकपणे लिहून ठेवतं. आपण फक्त योग्य क्रमाने विचारायचं. (पुढे आलेल्या आज्ञा टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.)

कार्ड दिसतंय का?

लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड पीसीआय नावाच्या अंतर्गत जोडणीवर बसलेलं असतं. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला हायफन आणि ‘एनएनके’ जोडलं, की त्या जोडणीवरच्या सगळ्या वस्तूंची यादी येते. यूएसबी डोंगल असेल तर ‘एलएसयूएसबी’. यादीत कार्डाचं नावच नसेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही: कार्ड सैल झालंय, मेलंय किंवा बायॉसमधून बंद केलंय.

नाव असेल तर दोन गोष्टी टिपून घ्याव्यात. पहिली, नावापुढच्या चौकटी कंसातली अंकांची जोडी. तिचा पहिला भाग चिप बनवणाऱ्या कंपनीचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक. (इंटेलने आपल्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा घेतला आहे.) उपाय शोधायचा तो या जोडीवरून, लॅपटॉपच्या किंवा डोंगलच्या खोक्यावरच्या नावावरून नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल याचं नामी उदाहरण. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती आणि लिनक्सवर तो लावला की चालायचा. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, खोकं जवळपास तसंच, वागणं अगदी वेगळं.

दुसरी टिपायची गोष्ट म्हणजे त्याच यादीत खाली येणारी ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ ही ओळ. ती असेल तर या कार्डाशी बोलणारं कोणीतरी आहे. ती नसेल तर दोष इथेच सापडला.

ड्रायव्हर आहे, पण फर्मवेअर?

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर वेगळे आणावे लागत नाहीत. ते कर्नलबरोबर, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याबरोबरच येतात. पण ड्रायव्हर ही निम्मीच बाजू झाली. वाय-फाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याला आपला प्रोसेसर आहे, आपली मेमरी आहे, मात्र काय करायचं हे सांगणारा प्रोग्रॅम बहुतेक कार्डांत कायमचा भरलेला नसतो. लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलतो आणि कार्डात भरतो. या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. विंडोजवर तो ड्रायव्हरच्याच पुडक्यातून येतो, म्हणून त्याचं अस्तित्व कुणाला जाणवत नाही.

अडचण अशी की फर्मवेअर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचं असतं, आणि ते इतरांनी वाटावं की नाही हे तीच ठरवते. इंटेलने परवानगी दिली, त्यामुळे इंटेलची कार्डं लिनक्सवर सहसा न कुरकुरता चालतात. ब्रॉडकॉमची कथा लांबली. २००६ साली कर्नलमध्ये आलेला या कार्डांचा ड्रायव्हर कंपनीने दिलेला नव्हता. बाहेरच्या प्रोग्रॅमरांच्या एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून टिपणं काढली, आणि दुसऱ्या गटाने फक्त ती टिपणं वाचून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नकलेचा आरोप नको. एवढं करूनही फर्मवेअरपाशी घोडं अडलंच. ते वाटायची परवानगी नव्हती, म्हणून कंपनीच्या ड्रायव्हरच्या फाइलमधून प्रत्येकाने ते आपापलं कापून घ्यायचं. त्यासाठी फर्मवेअर कापणारं एक खास साधनही लिहिलं गेलं. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतः काही चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर दिला, पण त्याआधीची कितीतरी कार्डं जुन्या लॅपटॉपांत आजही आहेत.

लिनक्सच्या काही वितरणांनी तत्त्व म्हणूनही अशा मालकीच्या फाइली बाहेर ठेवल्या. डेबियनच्या मूळ सीडीत त्या नसायच्या. इन्स्टॉल करताना इंटरनेट लागायचं, आणि इंटरनेटसाठी लागणारी फाइल इंटरनेटवर असायची. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम सैल केला, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं. तत्त्वाला मुरड घातली गेली म्हणून हळहळणारे आहेत. मला मात्र हा उशिरा आलेला शहाणपणा वाटतो.

फर्मवेअर मिळालं की नाही हे कर्नलच्या रोजनाम्यात दिसतं. ‘सुडो डीएमईएसजी’ म्हटलं की तो उलगडतो. त्यात ‘फर्मवेअर लोड फेल्ड’ आणि पुढे ‘उणे २’ दिसलं, तर अर्थ सरळ आहे: ती फाइल डिस्कवर नाही. पण इथे एक चकवा आहे आणि त्यात पुष्कळ जण फसतात. इंटेलचा ड्रायव्हर फर्मवेअरची सर्वांत नवी आवृत्ती आधी मागतो. ती नसली तर त्याच्या आधीची, मग त्याच्याही आधीची. त्यामुळे रोजनाम्यात ‘उणे २’च्या चार-पाच ओळी लागोपाठ दिसतात आणि खाली शांतपणे ‘फर्मवेअर लोड झालं’ अशी ओळ असते. वरच्या ओळी वाचून घाबरलेला माणूस मग चालू असलेल्या गोष्टीचीच दुरुस्ती करत बसतो. शेवटची ओळ वाचल्याशिवाय निदान करू नये.

आणखी एक तक्रार ठरावीक असते: ‘अपडेटनंतर वाय-फाय गेलं.’ ही बहुधा अशा कार्डांची, ज्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसून बाहेरून आणलेला आहे. रिअलटेकचे अनेक डोंगल या जातीचे. बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. ते आपोआप करणारी यंत्रणा असते, पण नव्या कर्नलची हेडर पॅकेजेस नसली की ती गुपचूप अपयशी ठरते. संशय आला तर लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूतून आधीचा कर्नल निवडावा. त्यावर वाय-फाय चाललं की दुसरा पुरावा लागत नाही. बाहेरच्या ड्रायव्हरला सिक्युअर बूटही आडवं येतं: सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही आणि ‘आवश्यक किल्ली उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा निरोप देतो. तेव्हा आपली किल्ली नोंदवायची किंवा बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करायचं.

---
चौकट : इंटरनेटच नाही, तर फाइल आणायची कशी?
ॲन्ड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. फोन वाय-फायवर असला तरी चालतं. लॅपटॉपला ही जोडणी साध्या वायरच्या नेटवर्कसारखी दिसते आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो. केबल मात्र डेटा नेणारी हवी. फक्त चार्जिंगच्या केबलीवर काहीच होत नाही.
---

बंद कोणी केलं?

कार्ड आहे, ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, तरी नेटवर्कची यादी रिकामी. आता ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. ती दोन प्रकारची बंदी दाखवते. ‘सॉफ्ट’ म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेली. विमान मोडची कळ चुकून दाबली गेली की हीच लागते, आणि ‘आरएफकिल अनब्लॉक’ने उठते. ‘हार्ड’ म्हणजे प्रत्यक्ष बटणाने घातलेली. जुन्या लॅपटॉपांच्या कडेला सरकवायचं एक बारकं बटण असायचं. बॅगेत ठेवताना-काढताना ते सरकतं आणि मालकाला पत्ताही नसतो. ही बंदी कोणत्याही आज्ञेने उठत नाही.

गंमत पुढे आहे. लेनोव्होच्या काही आयडियापॅड लॅपटॉपांना असं बटण नव्हतंच, तरी लिनक्स ‘हार्ड’ बंदी दाखवायचं. लॅपटॉपच्या कळा सांभाळणारं कर्नलमधलं एक मोड्यूल नसलेल्या बटणाची स्थिती विचारत होतं आणि येणारं निरर्थक उत्तर ‘बंद’ असं वाचत होतं. पुढे कर्नलमध्ये अशा मॉडेलांची यादीच ठेवावी लागली. तोवर लोक ते मोड्यूल काळ्या यादीत टाकून काम भागवत.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर संशयित आणखी एक वाढतो. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. कार्डही कधी कधी त्याच अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं आणि रोजनाम्यात ‘उणे ११०’ उमटतं, म्हणजे वाट पाहून वेळ संपली. विंडोजमधून हा पर्याय बंद केला की प्रश्न सुटतो.

शेजाऱ्याचं दिसतं, आपलं नाही

ही तक्रार ऐकून पासवर्ड, ड्रायव्हर, सगळं तपासलं जातं, आणि कारण भलतीकडेच निघतं: कायदा.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्टीचे चॅनेल पाडलेले आहेत. अमेरिकेत १ ते ११ वापरतात, भारतासह जगात बहुतेक ठिकाणी १ ते १३, आणि १४ वा फक्त जपानने ठेवला होता. लॅपटॉपला आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक नसतं, तेव्हा लिनक्स ‘००’ असा देश धरतं, म्हणजे जगात कुठेही गुन्हा ठरणार नाही इतके कडक नियम. त्यात १२ आणि १३ वर फक्त ऐकण्याची मुभा आहे. स्वतःहून हाक मारायची नाही. अमेरिकेसाठी बनवलेल्या कार्डात तर हे चॅनेल मुळातच बंद असू शकतात. घरच्या राउटरने ‘ऑटो’वर असताना १३ निवडला, की तो फोनला दिसतो आणि अमेरिकेहून आणलेल्या लॅपटॉपला दिसत नाही.

५ गिगाहर्ट्झचे नियम आणखी गुंतागुंतीचे आणि बदलते. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताने या पट्टीतला विनापरवाना भाग ६०५ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवला. पूर्वी मधला मोठा पट्टा बंद होता. अशा बदलांची देशवार नोंद लिनक्समध्ये एका वेगळ्या फाइलीत असते. जुनं लिनक्स म्हणजे जुने नियम.

सध्याचा देश ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने कळतो. ‘आयडब्ल्यू रेग सेट’ला ‘आयएन’ जोडून भारत लावता येतो, पण इंटेलची बरीच नवी कार्डं ते जुमानत नाहीत. देश कोणता हे ती आसपासच्या राउटरांवरून स्वतः ठरवतात. म्हणून लॅपटॉपशी झटापट करण्यापेक्षा राउटरच्या सेटिंगमध्ये जावं आणि २.४ साठी १, ६ किंवा ११, ५ साठी ३६ ते ४८ पैकी चॅनेल हाताने लावावा. आपलं नेटवर्क लगेच यादीत आलं तर निदान पक्कं.

पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा विचारतो

पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घुसळून लॅपटॉप एक किल्ली तयार करतो. राउटरकडेही तीच असते. मग दोघं चार निरोपांची देवाणघेवाण करतात, ज्यात यादृच्छिक आकडे आणि किल्ली आपल्याकडे आहे याचा पुरावा असतो, किल्ली स्वतः नसते. पुरावा जुळला नाही तर राउटर ‘पासवर्ड चुकला’ असं सांगत नाही. तो गप्प बसतो.

त्यामुळे लॅपटॉपला फक्त शांतता ऐकू येते. पासवर्ड खरंच चुकला असेल, सिग्नल दुबळा असल्याने निरोप हरवला असेल किंवा राउटर अडकला असेल, लक्षण एकच. जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम आपल्या नोंदीत ‘किल्ली चुकीची असू शकते’ असं, म्हणजे शक्यता म्हणूनच लिहितो. स्क्रीनवर मात्र पासवर्डची खिडकी येते आणि आपण तोच बरोबर पासवर्ड रागारागाने पुन्हा भरतो. राउटरच्या शेजारी बसून एकदा जोडून पाहावं. तिथे जुळलं तर पासवर्ड निर्दोष.

जवळ बसूनही जुळत नसेल तर सुरक्षेचा प्रकार बघावा. २०१८ साली आलेला डब्ल्यूपीए३ जुन्या कार्डांना झेपत नाही, आणि तो व आधीचा डब्ल्यूपीए२ अशी मिश्र सेटिंगही काहींना गोंधळात टाकते. राउटर तात्पुरता डब्ल्यूपीए२ वर ठेवून तपासता येतं.

जोडलंय, पण पान उघडत नाही

इथे वाय-फायचा विषय खरं तर संपला. ‘पिंग’ आज्ञेने १.१.१.१ या पत्त्याला हाक मारावी. उत्तर आलं आणि तरी ब्राउझरमध्ये पान उघडत नसेल, तर नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, बंद पडली आहे. उत्तरच आलं नाही तर राउटरला हाक मारून बघावी. राउटर बोलत असेल तर दोष लॅपटॉपच्या बाहेर, कंपनीच्या वायरीत आहे.

रेल्वे स्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायवर आणखी एक घोळ होतो. तिथे फोन नंबर आणि ओटीपी भरायचं पान आधी यावं लागतं. ते दाखवण्यासाठी नेटवर्क आपल्या मागणीच्या मध्ये शिरतं, पण आजकाल जवळपास सगळी संकेतस्थळं कुलूपबंद जोडणीने उघडतात आणि तिथे असं शिरता येत नाही. साध्या एचटीटीपीने उघडणारा एखादा पत्ता टाकला की ओटीपीचं पान हजर होतं. व्हीपीएन चालू असेल तर आधी तो बंद करावा.

चालतं, पण अडखळत

राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक छोटा निरोप सोडतो. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉपचं कार्ड मधल्या वेळात डुलकी घेतं. राउटर त्याची पाकिटं राखून ठेवतो आणि पुढच्या निरोपात ‘तुझ्यासाठी काही आहे’ अशी खूण करतो. कार्ड जागं होतं, पाकिटं घेतं, पुन्हा झोपतं. हा करार दोघांनी नीट पाळला तर कळतही नाही. कार्डाचा ड्रायव्हर किंवा राउटर जरा ढिला असला की व्हिडिओ कॉल गचके खातो, पान मध्येच थबकतं.

नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फाइलीत ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’ची किंमत २ केली की ही डुलकी बंद होते. होय, २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. हा क्रम कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे. उबुंटूमध्ये ती ३ ठेवलेली असते.

सिग्नलची ताकद ‘डीबीएम’ या उणे आकड्यांत दिसते. उणे ५० उत्तम, उणे ८० जेमतेम. आणि उणे ७० म्हणजे उणे ५० च्या शंभराव्या हिश्शाइतकी ताकद. चिन्हातल्या पट्ट्यांवरून ही दरी लक्षात येत नाही. सिग्नल चांगला असूनही २.४ वर वेग कोसळत असेल, तर यूएसबी ३ ची बाहेरची डिस्क काढून बघावी. तिच्या केबलमधून नेमका याच पट्टीत गोंगाट गळतो, हे इंटेलने २०१२ साली स्वतःच मोजून प्रसिद्ध केलं होतं.

कार्डच बदलायचं ठरलं तर

काही कार्डांपुढे हात टेकणंच शहाणपणाचं. इंटेलचं एएक्स२१० लिनक्स ५.१० पासून चालतं, पण त्याचाच भाऊ शोभणारं एएक्स२११ घेऊन चालत नाही: त्याचं निम्मं काम लॅपटॉपच्या इंटेल चिपसेटमध्ये होतं, म्हणून ते ठरावीक इंटेल मशीनांतच चालतं. एएमडीवाल्या लॅपटॉपात ते बसेल, दिसणार मात्र नाही. जुन्या थिंकपॅडांत तर बायॉसकडे परवानगी असलेल्या कार्डांची यादी असे, आणि अनोळखी कार्ड दिसलं की १८०२ क्रमांकाची चूक दाखवून मशीन तिथेच थांबे. कार्ड मदरबोर्डलाच चिकटवलेलं असेल तर डोंगलशिवाय वाट नाही, आणि डोंगल घेताना मीडियाटेकच्या एमटी७६१२यूसारखी चिप पाहावी, जिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. दुकानदार चिपचं नाव सांगू शकत नसेल तर परत करण्याची सोय विचारून घ्यावी, आणि घरी येताच सगळ्यात आधी ‘एलएसयूएसबी’.